पदवीनंतर सैन्यात जायचंय : अग्निवीर भरती की सीडीएस?

डोंगरवाट
नमस्कार. सातारा जिल्ह्यातला आहे, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. डिसेंबरात २१ पूर्ण होतील. एनसीसीचं 'बी' सर्टिफिकेट आहे, 'सी'ची परीक्षा द्यायची आहे. सैन्यात जायचं हे ठरलेलं आहे, त्यावर चर्चा नको. कुठल्या दारानं जायचं, तिथं अडलोय.

सकाळी ज्या पोरांबरोबर पळतो ती सगळी अग्निवीरची तयारी करतायत. चुलते हवालदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, आधी वर्दी अंगावर चढव, पुढचं पुढं बघू. एनसीसीचे सर म्हणतात, पदवी हातात येतेय तर सीडीएसची परीक्षा दे, अधिकारी हो. शेती कोरडवाहू आहे, बहीण बारावीला आहे. मी एखादं वर्ष कमावलं नाही तर घर चालेल. पण अभ्यासाच्या नावाखाली तीन-तीन वर्षं घरात बसणं परवडणारं नाही, आणि मला ते करायचंही नाही.

सैन्यात राहिलेल्यांनी किंवा घरात कुणी असलेल्यांनी जरा सविस्तर लिहा.

कृष्णाकाठ
सीडीएस. पदवी घेऊन शिपाई कशाला व्हायचं? ते दहावीवरही होता आलं असतं.

पलटणवाला
आधी वरच्या प्रतिसादाबद्दल. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार होऊन बाहेर पडलो, मराठा लाइट इन्फंट्रीतून. माझ्या हाताखाली पदवीधर पोरं होती, चांगली होती. यशवंत घाडगे नाईक होते आणि नामदेव जाधव शिपाई. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. पलटणीत आजही ही नावं घेताना माणूस सावधान होतो. तेव्हा 'शिपाई कशाला' हा प्रश्न इथं नको.

डोंगरवाट, आता तुझं बघू. भरती की कमिशन (अधिकारीपद) हा प्रश्न पोरं पगारावरून सोडवायला जातात, नाहीतर गाडीवर तारे लागतील या कल्पनेवरून. दोन्ही कामं मुळात वेगळी आहेत, ते आधी बघ.

कंपनी रूट मार्चवरून परत येते. जवान बूट काढतो, हत्यार साफ करतो, कोतमध्ये (शस्त्रागारात) जमा करतो, लंगरात जातो. संत्री ड्युटी नसेल तर त्याचा दिवस तिथं संपला. त्याच वेळी नवा लेफ्टनंट बराकीत येतो आणि एकेकाचे पाय बघतो. फोड कुणाला आलाय, कोण लंगडतोय आणि लपवतोय. हत्यारांची मोजणी पुरी झाली का विचारतो. मग कुणीतरी हळूच सांगतं की अमक्याच्या घरी जमिनीवरून भांडण पेटलंय, पोरगा दोन रात्री झोपला नाही. आता त्याची सुट्टी, त्याच्या तहसील कचेरीला पाठवायचं पत्र, त्याच्या जागी उद्याच्या गस्तीवर कोण, हे सगळं त्या लेफ्टनंटच्या डोक्यावर. वय त्याचं बावीस-तेवीस. समोरचा प्लाटून हवालदार तो शाळेत जायच्या आधीपासून नोकरीत. त्याला हुकूमही द्यायचा आणि त्याच्याकडूनच शिकायचंही.

काही पोरांना हे नको असतं. त्यांना एलएमजी (हलकी मशीनगन) द्या, सिग्नलचा सेट द्या, गाडी द्या. त्यात ती इतकी पक्की होतात की अधिकारी त्यांना विचारून निर्णय घेतात. काहींना पहिल्या महिन्यापासून दुसऱ्यांचं बघायची खोड असते. तू एनसीसी कॅम्पला गेला असशील. तंबू कोसळला तेव्हा तू दोर ओढायला धावलास की कोण कुठं उभं राहील ते सांगायला लागलास? दोन्हीत कमीपणा नाही. खरं काय झालं ते आठव.

गुलमोहर
मी चेन्नईच्या ओटीएतून (अधिकारी प्रशिक्षण अकॅडमी) शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कमिशनवर होतो, आता बाहेर नोकरी करतो. काकांनी गाभ्याचं सांगितलंय, मी तारखांचं सांगतो. तुझ्या बाबतीत निम्मा निर्णय तारखाच करणार आहेत.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा वय साडेसतरा ते २१ ठरलं, फक्त त्या पहिल्या वर्षी वरची मर्यादा २३ केली होती. म्हणजे पदवीच्या वयाचा मुलगा या दाराच्या अगदी कडेला उभा असतो. दर वर्षीच्या जाहिरातीत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत जन्मलेले असं स्पष्ट छापलेलं असतं. ते आजच काढून बघ, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. बसत असशील तर बहुधा ही एकच संधी आहे.

अधिकाऱ्याचं दार त्या मानानं बराच काळ उघडं असतं. सीडीएस वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरात. आयएमए (इंडियन मिलिटरी अकॅडमी) डेहराडूनला वयाची कमाल मर्यादा २४, ओटीएला २५. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही बसता येतं, पदवीचा पुरावा नंतर द्यायचा. आयएमएसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित, प्रत्येकी १०० गुण. ओटीएला गणित नाही. गणित दहावीच्या पातळीचं असतं, पण चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, त्यामुळे ठोकून देणारे मागे पडतात. एअरफोर्समध्ये जायचं असेल तर एएफकॅट वेगळी परीक्षा आहे.

आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: एनसीसी स्पेशल एंट्री. 'सी' सर्टिफिकेट किमान 'बी' ग्रेडनं मिळालं आणि पदवीला ५० टक्के असले, तर लेखी परीक्षाच नाही. अर्जांची छाननी होऊन थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखतीला बोलावतात. ती 'सी'ची परीक्षा तू कशी देतोस यावर खूप काही आहे. आम्हाला ओटीएत या मार्गानं आलेले कितीतरी जण भेटले.

सावली
माझा भाऊ अग्निवीर आहे, तिसरं वर्ष चालू आहे. घरच्या बाजूनं लिहिते.

पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० धरलेला आहे, पण हातात २१,००० येतात. ३० टक्के सेवानिधीत कापतात, तेवढेच सरकार घालतं. चौथ्या वर्षी ४०,००० आणि हातात २८,०००. चार वर्षांनी व्याजासकट सुमारे ११.७१ लाख मिळतात, त्यावर आयकर नाही. विमा ४८ लाखांचा. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. सुट्टी वर्षाला ३० दिवस, जुन्या भरतीच्या जवानांना यापेक्षा खूप जास्त मिळते. आईला हे सगळ्यात जड जातं. गणपतीला येणार की दिवाळीला, एकच निवडावं लागतं, आणि कधी कधी दोन्ही चुकतात.

तुकडीतले २५ टक्क्यांपर्यंत कायम होतात, बाकीचे बाहेर. भाऊ गोळीबारात आणि पीटीत चांगला आहे, त्याच्या वरिष्ठांचं मत चांगलं आहे. तरीही तो फोनवर 'मी कायम होणार' असं कधी म्हणत नाही. 'बघू' म्हणतो. आम्हीही विचारायचं थांबवलंय. केंद्रीय निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना १० टक्के आरक्षण केंद्रानं २०२२ मध्ये जाहीर केलं, त्याची माहिती त्यानं आत्तापासून गोळा करून ठेवली आहे.

एक मात्र सांगते. तो गेला तेव्हा बारावी झालेला, घरात न बोलणारा मुलगा होता. आता गावात कुणाचं भांडण झालं तर त्याला बोलावतात. हे पैशात मोजता येत नाही, म्हणून वेगळं लिहिलं. तुझ्याकडे पदवी आहे, पंचविशीत बाहेर पडलास तरी पुढे परीक्षा देता येतील. पदवी नसलेल्यांची चिंता जास्त आहे.

डोंगरवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. सावलीताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

एक सरळ प्रश्न. आधी अग्निवीर होऊन, आतून परीक्षा देऊन अधिकारी होता येतं ना? चुलते तेच सांगतात. त्यांच्या युनिटमधला एकजण एसीसीतून लेफ्टनंट झाला होता.

पलटणवाला
झाला असेल. एसीसी, म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेज, हा फार जुना आणि मानाचा मार्ग आहे. नोकरीतला बारावी पास जवान परीक्षा देतो, एसएसबी पास होतो, तीन वर्षं डेहराडूनला शिकून पदवी घेतो आणि मग एक वर्ष आयएमए. असे अधिकारी मी पाहिलेत. जवानाचं मन त्यांना सांगावं लागत नाही.

मेजर राम राघोबा राणे १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार झाले, डिसेंबर १९४७ मध्ये कमिशन मिळालं. पुढच्याच एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत, अडथळे फोडत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्र मिळवलं. ते मिळालं तेव्हा ते सेकंड लेफ्टनंट होते. ज्या हातांनी शिपाई असताना काम केलं तेच हात तिथं उपयोगी पडले.

गुलमोहर
काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून, इथं थोडा वेगळा सूर लावतो. राणेसाहेबांचं उदाहरण थोर आहेच. पण डोंगरवाटच्या चुलत्यांच्या काळी जवान पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीला लागायचा. आत गेल्यावर रुळायला, अभ्यास करायला, परत परत बसायला वेळ असायचा. अग्निवीराकडे चारच वर्षं आहेत. त्यातला सुरुवातीचा काळ ट्रेनिंग सेंटरला जातो, मग युनिट, मग कदाचित उंचावरची किंवा सीमेवरची पोस्टिंग. त्यात स्वतःला कायम होण्यासाठी सिद्धही करायचं असतं. इंग्रजीचा पेपर सोडवायला रात्री डोळे उघडे राहतील असं गृहीत धरू नये.

शिवाय एसीसी मुळात बारावीवरच्या जवानाला पदवी देण्यासाठी आहे. तुझ्याकडे ती असणारच आहे. तीन वर्षं परत त्यासाठी कशाला द्यायची? तुला अधिकारी व्हायचं असेल तर सरळ त्या दारावर जा. तुला जवान व्हायचं असेल तर जवान म्हणूनच जा. 'इथून तिथं जाईन' म्हणत गेलेल्या मुलाचं मन दोन्हीकडे लागत नाही, आणि सेक्शनमधल्या बाकीच्यांना ते आठवड्यात कळतं.

पलटणवाला
शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.

कृष्णाकाठ
माझा रोख मानापमानावर नव्हता, सावली यांनी लिहिलेल्या त्या 'बघू'सारख्या अनिश्चिततेवर होता. चार वर्षांनी पंचविशीत परत रांगेत उभं राहायचं, हे मला खुपतं. पण गुलमोहर, ओटीएलाही शॉर्ट सर्व्हिसच ना? तिथंही पेन्शन नाही. मग हे पोरांना कुणी का सांगत नाही?

गुलमोहर
सांगायलाच हवं. ओटीएतून १० वर्षांचं कमिशन मिळतं, पुढं ४ वर्षं वाढवता येतं. मधे कायम कमिशनसाठी निवड होते, सगळ्यांची होत नाही. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी २० वर्षं लागतात, म्हणजे १४ वर्षांनी बाहेर पडलो तर ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. मी तसाच बाहेर पडलो. पस्तिशीच्या आसपास, दोन मुलं, आणि नवी नोकरी शोधायची. ते सोपं नव्हतं. फरक एवढाच की तोवर हातात बऱ्यापैकी शिल्लक असते. अकॅडमीत असतानाच महिना ५६,१०० स्टायपेंड मिळतो, कमिशननंतर मिलिटरी सर्व्हिस पेचे १५,५०० वेगळे. आणि माणसं सांभाळल्याचा अनुभव बाहेर विचारला जातो.

पहिल्यापासून कायम कमिशन हवं असेल तर आयएमए. ट्रेनिंग दीड वर्षाचं, ओटीएचं ४९ आठवड्यांचं.

निळाई
मी एनसीसी एंट्रीतून भोपाळला एसएसबी दिली, शिफारस झाली, मेडिकल झालं, आता मेरिट लिस्टची वाट बघतेय. मुलींना सीडीएसमधून फक्त ओटीए, आणि लष्करात अग्निवीर म्हणून मिलिटरी पोलीस, त्यामुळे माझ्यापुढे पर्याय कमीच होते. पण एसएसबीबद्दल इथं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण आपल्याकडची बहुतेक मुलं लेखी पास होऊन तिथं अडकतात.

पाच दिवस असतात. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, त्यातच निम्म्याहून जास्त परत जातात. मग मानसशास्त्राच्या चाचण्या. चित्र बघून गोष्ट लिहायची, ६० शब्द प्रत्येकी १५ सेकंद, ६० प्रसंग अर्ध्या तासात. पाठ केलेलं तिथं टिकत नाही, वेळच मिळत नाही. नंतर मैदानावरची गटाची कामं आणि मुलाखत.

मैदानावरचं एक सांगते. फळी, लाकडी ओंडका, दोर, आणि एक ओझं. एवढ्यावर सगळ्या गटानं अडथळा पार करायचा, लाल रंगाला हात लागता कामा नये. आमच्या गटात एक मुलगी सतत बोलत होती, कल्पना छान होत्या. दुसरी शांत होती. फळी हलायला लागली तेव्हा ती न सांगता मागे गेली आणि फळीच्या टोकावर वजन देऊन बसली, सगळ्या पलीकडे जाईपर्यंत उठली नाही. मग तिथूनच म्हणाली, "आता दोर इकडे टाका, नाहीतर मी इथंच राहीन." शिफारस झाली ती तिची. बोलणारीची नाही झाली.

इंग्रजीचं भय मलाही होतं, शाळा मराठी माध्यमाची. अलंकारिक इंग्रजी लागत नाही. मनातलं साध्या वाक्यात न अडखळता सांगता यायला हवं. त्यासाठी मी रोज एका बातमीवर आरशासमोर नव्हे तर मैत्रिणीसमोर बोलायचे, तिला मधेच प्रश्न विचारायची पूर्ण मुभा होती.

खासगी क्लासला पैसे ओतायच्या आधी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी कर. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं आहे. सीडीएस आणि एसएसबीची तयारी, राहणं, जेवण, सगळं मोफत. अर्जाची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. इतक्या मुलांना हे माहीतच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

डोंगरवाट
नाशिक रोडचं खरंच माहीत नव्हतं. साताऱ्याच्या कार्यालयात उद्याच जातो.

पलटणवाला काका, तुमच्या तंबूच्या प्रश्नाचं उत्तर. दोर ओढायला गेलो नव्हतो. ज्युनियर मुलांच्या ट्रंका भिजत होत्या, त्या आधी कुठं हलवायच्या हे बघत होतो. चुलत्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग तुझं तूच ओळख."

जाहिरातीतल्या जन्मतारखा बघितल्या. पुढच्या भरतीत बसतो, त्यानंतर नाही.

पलटणवाला
मग अग्निवीरचा फॉर्म भर. पण मनात ठरवून भर. निवड झाली आणि तुला अधिकारीच व्हायचं असेल, तर त्या दिवशी चुलत्यांसमोर बसून बोलायची तयारी ठेव. ज्या जागेवर तू मन लावून राहणार नाहीस ती दुसऱ्या कुणाची तरी असते.

पळणं सोडू नकोस. भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत आलास तर पैकीच्या पैकी ६० गुण, १० पुलअप्सला ४०. हा दम ओटीएतही लागणारच आहे, वाया काही जात नाही. आणि हातावर गोंदवून घ्यायचा विचार असेल तर थांब. कोपर ते मनगट आतली बाजू आणि हाताचा पंजा मागून, एवढंच चालतं. पोरं छातीवर नाव गोंदवतात आणि मेडिकलला परत येतात.

सावली
घरच्यांशी आत्ताच मुदत ठरवून घे. 'पदवीनंतर अमुक महिन्यापर्यंत प्रयत्न, मग नोकरी' असं स्पष्ट. आमच्याकडे मामेभाऊ कितीतरी वर्षं 'सीडीएसची तयारी' करतोय. आता त्याला कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. ते बघायला फार त्रास होतो.

डोंगरवाट
बाबांशी बोललो. ठरलं असं: 'सी' सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडनं काढायचं, एनसीसी एंट्रीचा अर्ज करायचा, एप्रिल आणि सप्टेंबर दोन्ही सीडीएस द्यायच्या. पुढच्या डिसेंबरपर्यंत शिफारस झाली नाही तर नोकरी धरायची, वय असेतोवर नोकरी करत परीक्षा देत राहायचं. अग्निवीरचा फॉर्म भरणार नाही. काकांचं ते जागेचं वाक्य वाचल्यावर भरावासा वाटला नाही. सकाळी बरोबरच्या पोरांना सांगितलं, तर त्यांनी उलट मलाच त्यांच्या लेखी परीक्षेचं गणित शिकवायला लावलंय. रोज संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसतोय.

गुलमोहर
छान. एक बारीक गोष्ट. सीडीएसच्या अर्जात पसंतीक्रम भरताना आयएमएबरोबर ओटीएही टाक. फक्त आयएमए लिहून मोकळे होणारे खूप असतात, मग ओटीएच्या यादीत त्यांचा विचारच होत नाही. आणि गणिताचा पेपर कठीण गेला तरी इंग्रजी आणि सामान्य ज्ञानावर ओटीएचं पत्र येऊ शकतं. अर्ज भरून झाला की पाठवण्याआधी चुलत्यांना एकदा वाचायला दे, जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळवून.

डोंगरवाट
ओटीए टाकतो. नावात 'राव' दहावीला आहे, आधारला नाही. त्याचं काय करायचं?

गुलमोहर
आधार दुरुस्त करून घे, अर्ज सुरू व्हायच्या आधी. दहावीचं तसंच ठेव.